क्वीनचे मोठेपण पटते, पण त्यांची गाणी रुचत नाहीत: असे का होत असावे?

अजिंक्यतारा७८ (सातारा)

नमस्कार मंडळी. हा प्रश्न कितीतरी दिवस मनात घर करून आहे आणि मी तो वाद उकरून काढण्यासाठी विचारत नाही, हे आधीच सांगतो. मी साताऱ्यात वाढलो, आजही राजवाड्याच्या परिसरातच राहतो आणि गेली तीस वर्षे रॉक संगीत मनापासून ऐकत आलो आहे. पुण्याला शिकायला गेलेल्या मावसभावाने १९९४ च्या दिवाळीच्या सुट्टीत दोन कॅसेट आणल्या होत्या. एकीवर ब्लॅक सॅबथ आणि डीप पर्पल यांची निवडक गाणी भरून घेतलेली होती आणि दुसरीवर लेड झेपलिनचा चौथा अल्बम होता. त्या सुट्टीत फराळापेक्षा टेपरेकॉर्डरजवळच मी अधिक वेळ बसलो. पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावलेला ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी त्या बोटांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवून वाजवतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. पण त्या गिटारचा जडपणा पहिल्याच दिवशी छातीत बसला आणि तो तिथून कधी हलला नाही.

क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड मात्र मला आजतागायत आनंद देऊ शकलेला नाही, आणि साताऱ्यात राहून हे सांगणे सोपे नाही. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने मित्रांबरोबर आपला पहिला बँड काढला, आणि तिथेच फारुख बलसाराचा फ्रेडी झाला. त्यामुळे रॉकचा विषय निघाला की, ‘तो तर आपल्याच जिल्ह्यातला’ असे कोणीतरी अभिमानाने म्हणते. तो अभिमान मलाही आहे. म्हणून मी चार वेळा, प्रत्येक वेळी काही आठवडे काढून, त्यांचे अल्बम क्रमाने ऐकले. शेवटचा प्रयत्न २०२० च्या टाळेबंदीत केला, तेव्हा वेळेची सबबही उरली नव्हती.

ऐकताना नेमके काय होते ते सांगतो. गायकाचा आवाज अलौकिक आहे, हे मला ऐकू येते. ब्रायन मेच्या गिटारचा स्वर हजारांत ओळखू येतो, हेही कळते. पण १९७५ चे ते पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे जगप्रसिद्ध गाणे, बोहेमियन रॅप्सडी, लावले की मी एका जागी जरा स्थिरावतो न स्थिरावतो तोच गाणे दुसरीकडे निघून जाते. पाटावर नुकते बसावे आणि कोणी तो पाट उचलून दुसऱ्या खोलीत मांडावा, तसे वाटते. पुढचे प्रत्येक दालन आधीच्याहून सजवलेले असते, मी त्याचे कौतुकही करतो, पण वस्तीला मात्र कुठेच राहू शकत नाही.

रेडिओहेड या बँडच्या बाबतीत असेच थोडेफार झाले आहे. १९९७ पर्यंतचे अल्बम मला आवडतात, पण २००० साली आलेला किड ए आणि त्यापुढचे बरेचसे काम माझ्यासाठी बंद दारासारखे आहे. त्याची मला फारशी खंत नाही. क्वीनची आहे.

माझा प्रश्न असा की, हे कानाचे अपुरेपण आहे का, आणि असल्यास कान पुढे तयार होतो का? तुमच्यापैकी कोणाचे असे बंद दार कधी उघडले आहे का, आणि कशामुळे? ‘आवड आपली आपली’ एवढ्यावर कृपया उत्तर संपवू नये. ते वाक्य खरे असले तरी त्यातून कळत काहीच नाही.

मेणवलीघाट (वाई)

तुमच्या प्रश्नातील प्रामाणिकपणा मला भावला, म्हणून क्वीनचा चाहता असूनही रागावल्याशिवाय उत्तर देतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्या बँडला आज सर्वमान्यता आहे त्याला ती नेहमीच होती, असे समजू नये. रोलिंग स्टोन या अमेरिकी नियतकालिकाने १९६९ मध्ये तुमच्या लेड झेपलिनच्या पहिल्याच अल्बमवर टीकेची झोड उठवली होती, आणि १९७८ मध्ये आलेल्या क्वीनच्या जॅझ या अल्बमवर लिहिताना त्याच नियतकालिकातील समीक्षकाने या बँडला फॅसिस्ट हे विशेषण लावण्यापर्यंत मजल मारली होती. तेव्हा क्वीन न आवडणारे तुम्ही काही पहिले नाही, आणि तुमचे कान अपुरे आहेत असा निष्कर्ष एवढ्यावरून काढण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. क्वीनमध्ये चारही जण गाणी लिहीत असत आणि चौघांची प्रकृती वेगळी होती. लोक क्वीन म्हणून जे ऐकतात ते बहुतेक वेळा लोकप्रिय गाण्यांचे संकलन असते, आणि त्यात चार लेखकांची आणि पंधरावीस वर्षांतली गाणी शेजारी शेजारी बसवलेली असतात. तुम्ही अल्बम क्रमाने ऐकलेत, हे चांगले केलेत. पण चौघांना वेगवेगळे करून ऐकून पाहिलेत का? बोहेमियन रॅप्सडी ज्या अल्बममध्ये आहे त्याच अल्बममध्ये ब्रायन मेचे ‘थर्टीनाइन’ नावाचे गाणे आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करून आलेल्या अंतराळवीरांसाठी एक वर्ष लोटते आणि पृथ्वीवर शंभर वर्षे उलटून गेलेली असतात, अशी ती कथा आहे, आणि तिची चाल मात्र एखाद्या जुन्या लोकगीतासारखी साधी, सरळ आहे. हाच ब्रायन मे पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी. झाला. त्या गाण्यात पाट कोणी उचलत नाही.

आणखी एक सांगावेसे वाटते. ज्याला तुम्ही दालने म्हणता ती मला नाटकातले प्रवेश वाटतात. आपल्याकडे संगीत नाटकाची परंपरा असल्याने हे आपल्याला परके वाटू नये, असे माझे मत आहे. नाट्यपद चालू असताना पात्र थांबते, प्रसंग थांबतो, गायक तान घेतो, प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देतात आणि मग कथा पुढे सरकते. या थांबण्यासरकण्याला आपल्या आजोबांच्या पिढीने कधी हरकत घेतली नाही. मर्क्युरीने रॉकमध्ये रंगमंच आणला, आणि तो रंगमंच आहे हे मनाशी धरून ऐकले तर जागा बदलण्याचे दुःख कदाचित कमी होईल.

मी स्वतः पासरणीचा घाट चढून पाचगणीला कितीतरी वेळा गेलो आहे. आठनऊ वर्षांचा एक मुलगा झांझिबारहून समुद्र ओलांडून या डोंगरावर वसतिगृहात राहायला येतो आणि तिथल्या पियानोपाशी रमतो, हे चित्र मनात आले की त्याच्या आवाजातील आर्तता मला वेगळी ऐकू येते. हे संगीताबाहेरचे कारण आहे, हे मान्य आहे. पण आवडीला अशीही कारणे असतात.

जवारी (मिरज)

अजिंक्यतारा, तुम्ही दिलेल्या आवडत्या बँडांच्या यादीतच तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे, असे मला वाटते. आमच्या घरात तीन पिढ्या तंतुवाद्ये बनवण्याचे काम चालले. मी स्वतः नोकरीच्या मार्गाने गेलो, पण लहानपण तानपुऱ्यांच्या भोपळ्यांमध्ये आणि तुणीच्या लाकडाच्या वासात गेले, त्यामुळे माझे म्हणणे त्या बाजूने येईल.

ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधले, बँडच्याच नावाचे गाणे आठवा. त्यातील मुख्य रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या गिटारच्या तुकड्यात, जागा तीनच आहेत: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. त्या तीन स्वरांवर सगळा काळोख उभा आहे आणि षड्ज जागचा हलत नाही. डीप पर्पलच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ या गाण्याच्या सर्वांना ठाऊक असलेल्या रिफमध्ये षड्ज-मध्यम भावाच्या जोड्या वाजतात, म्हणजे षड्ज-पंचमाचीच जोडी उलटी केलेली. लेड झेपलिनच्या ‘काश्मीर’ या गाण्यात तर गिटारच्या तारा मुद्दाम अशा लावल्या आहेत की खालून षड्ज आणि पंचम सतत घुमत राहावेत, आणि त्यावर गिटारचा तुकडा तीन मात्रांचा व ड्रमचे आवर्तन चार मात्रांचे असल्यामुळे दोघांची गाठ बारा मात्रांनी पडते. आपल्याकडच्या श्रोत्याला ही गाठ पडण्याची वाट पाहण्यात जो आनंद मिळतो, तो समेचा आनंद आहे. तुम्हाला आवडणाऱ्या संगीतात, थोडक्यात, तानपुरा आहे. तो लाकडाचा नाही, एवढेच.

हे केवळ उपमा म्हणून सांगत नाही. तानपुऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानशीने अतिशय हलक्या हाताने घासून किंचित उतरता करतात आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी साधतात. यालाच आम्ही जवारी काढणे म्हणतो. त्यामुळे तार एका बिंदूवर सुटत नाही, त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकत राहते, आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर ठळक होऊन बाहेर पडतात. खर्जाची तार नीट जमली की गांधाराची तार नसतानाही गांधार ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो, आणि तो खर्जाचा पाचवा उपस्वर असतो. अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले त्या गावात हा गांधार ओळखायला लहान मुलेही शिकतात.

आता इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्वर मुद्दाम फाटू दिला की तिथेही उपस्वरांचीच गर्दी होते. अशा फाटलेल्या आवाजात षड्ज आणि पंचम एकत्र वाजवले तर त्यांचे प्रमाण ३:२ असल्यामुळे दोघांच्या कंपनसंख्यांच्या फरकातून खालच्या सप्तकातला षड्ज आपोआप निर्माण होतो आणि आवाज दुप्पट जड वाटतो. त्यात गांधार मिसळला तर मात्र गडबड होते. पाश्चात्त्यांच्या समविभागी सप्तकातील गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि फाटलेल्या आवाजात तो चढेपणा खरखरीत होऊन समोर येतो. म्हणूनच हे जड वाजवणारे बँड गांधार वगळून केवळ षड्ज-पंचमाची जोडी वाजवत बसतात. मिरजेत तानपुरा लावतात तो ‘प सा सा सा’ असा. तानपुरा लावणारा आणि गिटार वाजवणारा, ही दोन माणसे एकमेकांना कधी भेटली नाहीत, तरी दोघांच्या हाती एकच गोष्ट लागली, याचे मला आजही नवल वाटते.

आता क्वीनकडे या. बोहेमियन रॅप्सडीमध्ये षड्ज किती वेळा बदलतो ते पाहा. पाश्चात्त्य नावांनी सांगायचे तर गाणे बी फ्लॅटमध्ये सुरू होते, ई फ्लॅटकडे जाते, ऑपेराचा भाग ए मध्ये उघडतो, रॉकचा भाग पुन्हा ई फ्लॅटमध्ये येतो आणि शेवट एफ मध्ये होतो. पाश्चात्त्य श्रोत्याला या स्थलांतरात प्रवासाचा आनंद मिळतो, कारण त्याचा कान एका स्वरसंगतीतून दुसरीत जाण्याच्या ओढीवर घडलेला असतो. ज्याचा कान खालच्या अचल स्वरावर विसावायला शिकला आहे, त्याच्या पायाखालची जमीन प्रत्येक वेळी काढून घेतली जाते. तुम्ही पाटाची उपमा दिलीत ती वाचून मी थांबलो, कारण षड्जाला आम्ही आसनच म्हणतो. तुमचे आसन कोणीतरी हलवत होते, आणि तुम्ही ते ओळखलेत. मेणवलीघाट यांचे नाट्यपदाचे उदाहरण मला आवडले. पण नाट्यपदात प्रसंग कितीही हलला तरी ऑर्गनवाला षड्ज सोडत नाही, हा फरक लक्षात घ्यावा.

माझे स्वतःचे बंद दार बीटल्स हे होते. दर चार ओळींनी स्वरसंगती बदलणारी ती गाणी मला गोड पण उथळ वाटत. मग कोणीतरी त्यांच्या १९६६ च्या रिव्हॉल्व्हर या अल्बममधले शेवटचे गाणे ऐकवले. त्यात तानपुरा आहे आणि सगळे गाणे जवळजवळ एकाच स्वरसंगतीवर उभे आहे. त्या एका गाण्याच्या ओळखीने मी आत शिरलो, आणि आत गेल्यावर बाकीची गाणीही हळूहळू ऐकू येऊ लागली. तुमच्यासाठी तसे गाणे मी सुचवतो: १९९१ च्या इन्युएंडो या अल्बमचे शीर्षकगीत. त्याची चाल काश्मीरच्या वळणाची, एका जागी ठाण मांडून बसणारी आहे, आणि मधल्या भागात येस या बँडचा स्टीव्ह हाउ स्पॅनिश ढंगाची गिटार वाजवून गेला आहे. तिथून सुरुवात करून पाहा.

कृष्णाकाठ (सांगली)

जवारीकाका, तुमचे विवेचन मी दोनदा वाचले आणि त्यातून पुष्कळ शिकले. तरीही सगळे कानावर सोपवणे मला पटत नाही. माझी आजी रोज पहाटे तानपुरा जुळवून बसत असे, म्हणजे तुमच्या हिशोबाने माझेही आसन अचल असायला हवे. पण बीटल्स मला पहिल्यापासून प्रिय आहेत आणि जो बँड तुम्हा दोघांना घरच्यासारखा वाटतो तो लेड झेपलिनच मला ऐकवत नाही.

त्याचे कारण स्वरात नाही. महाविद्यालयात असताना मला ते अतिशय आवडत. नंतर कळले की १९६९ च्या त्यांच्या ‘होल लॉटा लव्ह’ या गाजलेल्या गाण्यातील शब्द विली डिक्सन या कृष्णवर्णीय ब्लूज गीतकाराच्या गाण्यातून आलेले होते आणि अल्बमवर त्याचे नाव नव्हते. १९८५ मध्ये त्याने दावा केला, प्रकरण आपसात मिटले आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्याचे नाव आले. पहिल्या अल्बममधल्या एका गाण्याबाबत जेक होम्स या गायकालाही २०१० मध्ये न्यायालयात जावे लागले. ब्लूजमध्ये ओळी एका गायकाकडून दुसऱ्याकडे जात असतात, ती सामायिक संपत्ती असते, हा युक्तिवाद मला ठाऊक आहे आणि तो पूर्णपणे चुकीचाही नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’ या त्यांच्या सर्वाधिक प्रसिद्ध गाण्यावर जो खटला झाला, त्यात २०१६ मध्ये ज्यूरीने आणि २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने झेपलिनच्याच बाजूने कौल दिला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण ज्या घरात गुरूचे नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीकडे जातो, त्या घरात वाढलेल्या मला ते न घेतलेले नाव गाण्यापेक्षा मोठ्याने ऐकू येते. आनंद गेला तो असा गेला, आणि बुद्धीने कितीही समजावले तरी परत आला नाही.

एक गाणे मात्र याला अपवाद राहिले, आणि तेच मला इथे सांगायचे आहे. तुमच्या त्या १९९४ च्या कॅसेटवरचे ते शेवटचे गाणे असणार, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला महापूर येऊन बांध फुटले, हजारो कुटुंबे उघड्यावर आली, आणि त्या पुरावर मेम्फिस मिनी आणि तिचा पती कॅन्सस जो मॅककॉय यांनी १९२९ मध्ये हे गाणे ध्वनिमुद्रित केले. झेपलिनच्या अल्बमवर या गाण्यापुढे मेम्फिस मिनीचे नाव आहे. बॉनमचे ड्रम एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली ठेवून वर मायक्रोफोन टांगले होते, म्हणून त्यांचा आवाज असा खोल, ओल्या भिंतींवर आदळून आल्यासारखा येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमचे गावभागातले घर पाण्यात होते. सासूबाईंना घेऊन आम्ही विश्रामबागला नातेवाइकांकडे राहिलो आणि पाणी ओसरल्यावर परतलो. भिंतींवर छातीच्या वर चिखलाची रेघ होती. आजीचा तानपुरा माळ्यावर होता म्हणून वाचला. कॅसेटचे दोन्ही खोके गेले. चिखल उपसताना भाच्याच्या फोनवर गाणी चालू होती आणि त्यात हे गाणे लागले. ‘बंद कर’ म्हणण्यासाठी मी वळले, पण म्हणाले नाही. सात मिनिटे मी खराटा हातात धरून उभी होते. बाईने आपल्या पुराचे गाणे केले, ते चाळीस वर्षांनी परक्या देशातल्या चार पोरांनी वाजवले, आणि त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी ते सांगलीत माझ्यापर्यंत आले. त्या वेळी त्या पोरांविषयीची तक्रार मला आठवलीसुद्धा नाही.

त्यानंतर मी झेपलिन पुन्हा ऐकून पाहिले. बाकीची गाणी आजही नकोशी वाटतात. म्हणून अजिंक्यतारा यांना मी एवढेच सांगेन की दार उघडण्यासाठी कान तयार करणे हा एक मार्ग असेल, पण काही वेळा गाण्याला आपल्या आयुष्यात यायला वाट मिळावी लागते, आणि ती वाट मागून मिळत नाही.

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

मी कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था पाहतो, म्हणून एक व्यावहारिक मुद्दा मांडतो. क्वीनशी तुमची पहिली भेट कशावर झाली? कॅसेटवरून कॅसेटवर भरून घेतलेल्या प्रतीवर झाली असेल, तर तिथेच घोटाळा झाला असणे शक्य आहे. बोहेमियन रॅप्सडीमधला तो मोठा समूह म्हणजे प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघेच आहेत. त्यांचे आवाज एकावर एक इतक्या वेळा मुद्रित केले की मूळ फीत झिजून तिच्यातून उजेड दिसू लागला होता, असे त्यांनीच सांगितले आहे. अशा थरांचा जीव वरच्या कंपनांत असतो आणि कॅसेटची प्रत काढताना सर्वांत आधी तीच कंपने जातात. मग ते शेकडो थर एकमेकांत कालवल्यासारखे ऐकू येतात. सॅबथच्या रिफचा जीव खालच्या आणि मधल्या पट्टीत असल्यामुळे तो चौथ्या प्रतीतही टिकतो. फोनच्या स्पीकरवर तर क्वीन मुळीच ऐकू नये. बऱ्यापैकी हेडफोन लावून, आवाज मध्यम ठेवून, डावा आणि उजवा कान वेगवेगळे काय सांगतात ते एकदा पाहा.

अजिंक्यतारा७८ (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला अकरा दिवस लागले, कारण सांगितलेले सगळे करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

प्रीतिसंगम, तुमचा अंदाज बरोबर होता. माझी पहिली क्वीन ही प्रतीची प्रत होती, आणि पुढे चांगल्या प्रती मिळाल्या तरी कानात ती पहिलीच बसून राहिली असावी. मुलीचे हेडफोन घेऊन ऐकले तेव्हा त्या समूहातला एकेक आवाज प्रथमच सुटा ऐकू आला. त्याने आदर वाढला. आनंद मात्र तेवढाच राहिला.

जवारीकाका, इन्युएंडो मी मेढ्यामार्गे पाचगणीला जाताना गाडीत लावले. पहिली दोन मिनिटे मी क्वीन ऐकतो आहे हे विसरलो होतो. केळघरच्या चढावर ते स्पॅनिश गिटारचे वळण आले, तेव्हा पाट हलला, आणि मी तुमचे म्हणणे आठवून षड्ज मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला. मग असे लक्षात आले की या गाण्यात तो परत येतो. निघून गेलेला षड्ज परत येणार आहे, हे ठाऊक असले की त्याच्या जाण्याचा त्रास होत नाही. हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना मर्क्युरी अतिशय आजारी होता आणि अल्बम आल्यानंतर त्याच वर्षाच्या २४ नोव्हेंबरला तो गेला, हे मला माहीत होते. पण आवाजात ते आजारपण शोधूनही सापडले नाही, आणि त्यामुळेच घशात काहीतरी दाटून आले. तीस वर्षांत क्वीन ऐकताना असे प्रथमच झाले.

पाचगणीत शाळेच्या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन मी बोहेमियन रॅप्सडीही लावले. ते आजही माझे झाले नाही. एफ मध्ये जाऊन संपते तेव्हा मी अजून बी फ्लॅटपाशीच उभा असतो. मेणवलीघाट, ‘थर्टीनाइन’ मात्र परतीच्या वाटेवर तीन वेळा ऐकले आणि मुलीने ते पुन्हा लावायला सांगितले.

कृष्णाकाठताई, तुमचे लिहिणे वाचल्यावर मी ती जुनी कॅसेट शोधून काढली. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे तेच आहे. ते मी इतकी वर्षे निव्वळ ड्रमसाठी ऐकत होतो आणि ते पुराविषयी आहे याकडे माझे लक्षच गेले नव्हते. मेम्फिस मिनीचे मूळ गाणे काल रात्री ऐकले. दोन गिटार आणि गायकाचा आवाज, एवढेच आहे.

जवारी (मिरज)

एक चांगले काम झाले. षड्ज मनात धरून ऐकण्याचा प्रयोग रेडिओहेडवर करू नका, तिथे तो उपयोगी पडणार नाही. किड ए मध्ये स्वरापेक्षा आवाजाच्या पोताकडे लक्ष द्यावे लागते, आणि तो निराळा अभ्यास आहे. कृष्णाकाठ, तुमच्या आजींच्या तानपुऱ्याची जवारी पुराच्या दमट हवेने बिघडली असेल तर तो मिरजेला घेऊन या. आमच्याकडे आजही ते काम हातानेच होते.

मेणवलीघाट (वाई)

मुलीला ‘थर्टीनाइन’ आवडले, हे वाचून फार बरे वाटले. आता १९७४ चा क्वीन टू घ्या. त्याच्या दोन बाजूंना पांढरी आणि काळी अशी नावे आहेत. पांढरी बहुतांशी ब्रायन मेची आणि काळी पूर्णपणे मर्क्युरीची. तुम्ही पांढऱ्या बाजूने सुरुवात करा. काळी बाजू ऐकायची असेल तेव्हा वाईला या, माझ्याकडे तिची तबकडी आहे आणि ती लावायला स्पीकरही बरे आहेत.